नावा भरल्याशिवाय सुटत नाहीत

भिसेगाव, मंगळवार संध्याकाळ

मी लिहितेय त्या कादंबरीतलं शहर कड्यावर वसलंय. काळ्या दगडाचे मनोरे, त्यांच्यामधून फिरणाऱ्या उडत्या नावा. सगळं देखणं, पण मेलेलं. का, ते कळतच नव्हतं. आज वैतागून आईला वाचून दाखवलं. ती कशेळे गावची, आयुष्यभर शेअर जीप भरायची वाट पाहिलेली.

"नावा रिकाम्याच सुटतात? भरल्याबिगर कशा सोडतात गं?"

"वेळेवर सुटतात," मी म्हटलं.

"मंग मानसं बोलतात कधी?"

खरंच, कधी बोलतात? लगेच वेळापत्रक खोडलं. आता नावा भरल्यावरच सुटतात. धक्क्यावर लोक खोळंबले, कुरकुरले, एकीने दुसरीला पोरासाठी स्थळही सुचवलं. केवढं हलकं वाटतंय. पहिल्या नावेत एकच जागा उरलीय.

हेही वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "ती जागा मला धरून ठेव."