एकसष्टीच्या अंकासाठी न दिलेला लेख

कोसमगुडा, गडचांदूरजवळ
दि. ९ नोव्हेंबर २०२५

देवराव यास,

सोमाजीचा नमस्कार. इकडे ठीक आहे. कापसाची पहिली वेचणी झाली, सोयाबीन मात्र पावसानं काळं पडलं. रंभाचे गुडघे दुखतात, तरी मला चुलीजवळ उभं राहू देत नाही. मीरावहिनींना आम्हा दोघांचा नमस्कार सांग. तुझी साखर वाढल्याचं कळलं. जप.

तुझा पियुष परवा गाडी घेऊन आला होता. तुझ्या एकसष्टीला गौरव-अंक निघतो आहे, त्यात बालमित्र म्हणून माझा लेख हवा म्हणाला. सोबत छापील कागद दिला. मथळा ‘लोकनेत्याची वाटचाल’, शब्द पाचशे, आणि खाली सूचना की विकासकामांवर भर द्यावा. मी दोन दिवस बसलो. लेख काही झाला नाही, त्याऐवजी हे पत्र लिहितो आहे.

सुरुवात तर चांगलीच होती. कंपनीला चुनखडीसाठी देवटेकडी हवी होती आणि तू गावोगाव पायी फिरून लोक उभे केलेस. तेव्हा दोन पावसाळे तू पोचू सिडामच्या घरी राहिलास. हिवतापानं पडलास तर त्याच्या बायकोनं आठ दिवस तुला आंबील पाजली. त्याच लोकांनी दोन हजार नऊला तुला निवडून दिलं. विधानसभेतलं तुझं पहिलं भाषण मी लिहून दिलं होतं, आपल्या नाल्यावरच्या पुलाचं. भीतीनं तू सात वेळा ‘अध्यक्ष महोदय’ म्हणालास. आम्ही इथे मोजलं आणि खूप हसलो. अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

त्या पुलाचं भूमिपूजन तू तीनदा केलंस. पहिल्यांदा एका पक्षाचा दुपट्टा गळ्यात होता, दुसऱ्यांदा दुसऱ्याचा, गेल्या वर्षी तिसऱ्याचा. जागा तीच. भाषणही तेच, माझंच, फक्त त्यातल्या मुख्यमंत्र्याचं नाव बदललेलं. पावसाळ्यात बाळंतपणाच्या बाईला अजून बाजेवर घालून नाल्यापलीकडे नेतात. मधे एकोणीसला तू पडलास, ती पाच वर्षं नागपूरच्या फ्लॅटमध्ये काढलीस. गावाला काही फरक पडला नाही. पाहुण्यांसाठी शाळेची पोरं उन्हात उभी करावी लागली नाहीत, एवढाच काय तो फायदा.

विकासकामांवर भर द्यायचा तर कोणत्या देऊ? तुझ्या नावाचा प्रवासी निवारा आहे. त्याच्यापुढे एसटी थांबत नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आपल्याच लोकांचा मोर्चा आला होता, तेव्हा तू दुसऱ्यांदा आमदार होतास. तू निवेदन घ्यायला बाहेर आलास. कागद पोचूच्या हातात होता. तू त्याच्याकडे पाहून विचारलंस, “आपण कोणत्या गावचे?” पोचूनं हात जोडून गावाचं नाव सांगितलं. परतताना ट्रकमध्ये तोच मला समजावत होता, “लय लोकं भेटतात त्याले, गुरुजी. इसरला असन.”

त्या दिवशी मला तुझी किळस आली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. खरं हे की तू विचारलंस तेव्हा मी दुसरीकडे पाहत होतो. माझ्या लेकीचा, दिव्यानीचा, नोकरीचा अर्ज तुझ्या टेबलावर पडून होता.

इथवर लिहून मी उठलो होतो. रंभा म्हणाली, “अर्धं लिहून काऊन ठेवता?” म्हणून पुन्हा बसलो.

तुला विश्रामगृह आठवत असेल. दोन हजार सतराचा फेब्रुवारी. ग्रामसभेनं सगळे हात वर करून टेकडी द्यायला नकार दिला होता आणि आता तुलाच कंपनीसाठी होकाराचा ठराव हवा होता. ग्रामसेवक म्हणाला, सही करतो, पण स्वतःच्या हातानं लिहिणार नाही. मग तू मला बोलावलंस. “गुरुजीचं अक्षर पाहून साहेबलोक शंका घेत नाईत,” असं हसत म्हणालास, आणि त्याच दमात दिव्यानीच्या आश्रमशाळेतल्या जागेचं विचारलंस. धमकी दिली नाहीस. तशी गरजही पडली नाही.

मी लिहिलं. त्रेसष्ट नावं, ओळीनं, शुद्ध. तू शेजारच्या खोलीत जेवायला बसलास. मी, ग्रामसेवक आणि तुझा ड्रायव्हर झिंगू, आम्ही तिघांनी शाईच्या पॅडवर आळीपाळीनं अंगठे टेकवले. पोचूच्या नावापुढचा अंगठा माझा आहे.

पोचूला सही येते, देवराव. साक्षरता वर्गात मीच शिकवली. चार महिने लागले. अजूनही ‘चू’चा उकार तो उलटा काढतो. त्याची सही उतरवायला माझा हात धजला नाही, म्हणून मी अंगठा उठवला. दिव्यानीची ऑर्डर आठव्या दिवशी आली.

यंदा सप्टेंबरात कंपनीची माणसं टेकडीवरच्या झाडांना खुणा करायला आली. पोचूची सून रिना शिकलेली आहे. तिनं माहितीच्या अधिकारात ठरावाची नक्कल मिळवली. ती घेऊन पोचू माझ्याकडेच आला, वाचून द्या म्हणून. मी चष्मा शोधतो आहे तोवर त्यानं बोट फिरवत स्वतःचं नाव काढलं. समोरच्या ठशावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “गुरुजी, मी तं सही करतो.”

मी म्हटलं, काहीतरी चूक झाली असेल.

“तुमी म्हणता तं असन,” म्हणाला. चहा घेतला आणि गेला.

तुझा मुलगा लेख मागायला आला तो यानंतर. विश्रामगृहातलं त्याला ठाऊक नसावं. तू आजवर किती गोष्टी दुसऱ्यांच्या हातानं करून घेतल्यास, ते त्याला कोण सांगणार?

गुरुवारी ग्रामसभा होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कोणी आरडाओरड केली नाही. रिनानं एकच विचारलं, “आमचे बुवा नक्कल घेऊन तुमच्या घरी आले होते, त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?” पोचू खाली मान घालून बसून होता. सभा सुटल्यावर तो नेहमी माझ्यासोबत हातपंपापर्यंत येतो. त्या दिवशी पुढे निघून गेला.

दिव्यानीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही बयान द्या. माझं मी पाहीन.” ती नोकरी ठेवेल की सोडेल, ते मी विचारलं नाही. मला तो हक्क नाही.

उद्या सोमवारी राजुऱ्याला उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे लेखी बयान देतो आहे. त्यात पहिलं नाव माझं, मग ग्रामसेवकाचं, झिंगूचं आणि मग तुझं. ताडून पाहण्यासाठी दोन्ही हातांचे ठसे देणार आहे. तुझी माणसं म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तू म्हणशील, मी या गृहस्थाला ओळखत नाही. म्हण. तुला त्याची सवय आहे.

माझ्यावर दया म्हणून गाडी पाठवू नकोस. मी एसटीनं जाईन. रिना म्हणाली आहे की ती सोबत येईल, माझ्यासाठी नव्हे, मी वाटेत उतरून जाऊ नये म्हणून.

तुझ्याविरुद्धचा साक्षीदार आणि तुझ्याइतकाच दोषी,
सोमाजी