अँपची पिन

गुरुवार, संध्याकाळ

स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर, आमचा अँप, जळाला. आणि दोष माझ्या माथी.

कार्यांत भाड्याने लावतो त्या आमच्या साउंडच्या रॅकमध्ये पॉवर सिक्वेन्सर मीच बसवला. मी स्क्रू आवळताना ह्यांनीच टॉर्च धरला होता. हा सिक्वेन्सर आधी मिक्सर चालू करतो, मग एकेक करत शेवटी अँप. व्होल्टेज वाढलं तर झटका स्वतः झेलतो. शुक्रवार पेठेतल्या आजच्या साखरपुड्यात जनरेटरचं व्होल्टेज उसळलं आणि एकटा अँपच गेला. बाकी सगळं शाबूत. असं कसं? मागे वाकून पाहिलं, तर अँपची पिन सिक्वेन्सरमध्ये नव्हतीच. साध्या बोर्डात होती.

"तुमचं मशीन लई सावकाश चालू होतंय की, वहिनी. नवरदेव दारात येऊन उभारला होता, म्हणून बोर्डात लावली," भाऊजी पुटपुटले. मग पाहुण्यांना ऐकू जाईल असं, "वहिनींनी बसवलेलं मशीन, दुसरं काय होणार?" सगळे हसले.

ह्यांनी ती पिन पाहिली. माझ्यासमोर बोर्डातून उपसली. आता भावाला बोलतील, असं वाटलं. किती वेडी मी.

"उद्यापासून तू घरीच थांब," मला म्हणाले.

पिन अजून त्यांच्या हातातच होती.