एमसी रुत्याचं लग्न

४ फेब्रुवारी

हो म्हणाले! बेलापूरच्या रॅप शोला सगळ्यात शेवटी मी — मेन आर्टिस्ट! पोस्टरवर मोठ्ठं ‘एमसी रुत्या’, आणि बाकी सगळी पोरं खाली बारीक अक्षरात. माझे बीट बनवणारा पार्थ ऐरोली स्टेशनबाहेर रस्त्यातच नाचला. लोक बघत होते. बघू देत!

शो २७ एप्रिलला.

९ फेब्रुवारी

बाबांनी माझं लग्न ठरवलं. मुलगा तळोज्याचा, अंकुर. केमिकल कंपनीत सुपरवायझर, दिसायला बरा. मी एकदा भेटले होते, हसले होते, घरी येऊन ‘बघू’ म्हणाले होते. आमच्याकडे मुलीचं ‘बघू’ म्हणजे होच — हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

१६ फेब्रुवारी

अंकुरचा फोन. आवाज अगदी गोड. “ते व्हिडिओ डिलीट करून टाक ना. आईला नाय आवडत. सून स्टेजवर नाचते, लोक काय बोलतील?”

नाचत नाही, रॅप करते, म्हटलं.

“सेमच ना!”

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “गाणी बंद करशील असा मी शब्द दिलाय त्यांना.” तोंड माझं, आणि शब्द यांनी दिला!

२ मार्च

नवीन गाणं झालं. पार्थ म्हणतो हिंदीत कर, जास्त लोक ऐकतील. नाही करणार. आमची बोली काय फक्त हळदीच्या डीजेपुरती?

“माजे आज्याचं मिठागर, त्यावर तुजा टावर,
गेटवाला मनाच इचारतं — बाय, तुजं काय काम वर?”

येसूआत्याला ऐकवलं. ही बाबांची थोरली बहीण, गावाची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत हिची गाणी, धवले, लागतात. ती गायल्याशिवाय नवरा-नवरी जागची हलत नाहीत. पूर्ण ऐकलं तिने. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

“येवरी घाई कनाला गं? मागं कुत्रा लागलाय का?”

२३ मार्च

लग्नाची तारीख काढली. २७ एप्रिल! बाबा म्हणतात, हॉल त्याच दिवशी मिळाला. मी काय दूधखुळी आहे?

तोंडावर सांगितलं — त्या दिवशी मी बेलापूरला असणार, हॉलवर नवरी दुसरी उभी करा. बाबांनी जेवणाचं ताट सरकवलं. आई रडायला लागली. मीही रडले, मोरीत जाऊन. पण व्हिडिओ डिलीट केला नाही. एकही नाही!

२४ मार्च

घरात कोणी बोलत नाही. मी मोठ्याने प्रॅक्टिस केली.

३० मार्च

आज आत्याला लग्नाची सुपारी द्यायची होती. अंकुरची आईही आली होती. बाबांनी पानसुपारीचं तबक आत्यापुढे धरलं. तेवढ्यात ती बाई म्हणाली, “पोरीचं गानं बंद झालं ना?”

“झालं समजा,” बाबा.

आत्याने तबकाला हातच लावला नाही. “मंग माजंपन बंद, गणू,” ती बाबांना म्हणाली.

सगळे हसले. आत्या नाही हसली. “मुकी पोर मांडवान उबी करशील, तर मी गानार नाय.”

बाबा चिडले. दुसरी धवलारीण आणतो म्हणाले. “आन. कोन येतं ते बघतं मी.” कोणी येणार नाही, हे बाबांनाही माहीत आहे. आसपासच्या सगळ्या हिच्याच हाताखाली शिकल्यात.

अंकुरची आई उठली. धवल्याशिवाय कसलं लग्न, म्हणाली, आणि चपला घालून निघून गेली. सुटले!

मी आत्याच्या गळ्यातच पडले. भाचीसाठी केवढं केलं तिने! तिने मला बाजूला केलं. “चाय टाक.”

२७ एप्रिल

स्टेज फाडलं! आवाज पार बसलाय. बाबा अजून बोलत नाहीत. न का बोलेनात.

११ मे

आत्याने आज तुर्भ्याच्या एका लग्नाची सुपारी परत पाठवली. तिथल्या नवरीला नर्सची नोकरी सोडायला लावलीय म्हणे. मी विचारलं, कोण गं ती आपली?

“कोन नाय,” म्हणाली. “नावपन ठाव नाय मना.”