रांगीवाहियाला एकटीनं

१७ जून २००६, शनि.
निघालेच नाही. सॅक भरलेली, बूट दाराशी, थर्मासमध्ये चहा, आणि अवि पायजम्यात दार अडवून उभा. "एकटी? बर्फात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" इथला जून म्हणजे ऐन हिवाळा, पण फोरकास्ट उत्तम होता. रांगीवाहिया हट म्हणजे डोंगरावरची मुक्कामाची झोपडी, काही एव्हरेस्ट नव्हे, इथली शाळेतली पोरं जातात. म्हटलं, लग्नाआधी अर्धा सह्याद्री पालथा घातलाय मी. तर म्हणे, "तेव्हा ग्रुप होता. आणि बर्फ नव्हता." दोन्ही खरं, म्हणून जास्तच राग आला. दिवसभर कपाटं आवरली.

१८ जून, रवि.
आईचा पुण्याहून फोन. नवरोबांनी तिच्या कानावर घालून ठेवलेलं! "अगं मेधा, घरात काही त्रास आहे का तुला?" म्हणजे बाईला एकटीनं डोंगरावर जायचंय तर घरात त्रासच असला पाहिजे. काही त्रास नाही गं बाई. परदेशात, या पामी गावात येऊन सहा वर्षं झाली, एकटी मी फक्त ऑफिसला नि भाजीला जाते. बाकी सगळीकडे 'आम्ही'. एक दिवस नुसता माझा हवाय. माझ्या वेगानं चालायचंय, कुणासाठी थांबायचं नाहीये. हे आईला फोनवर कसं सांगू? "त्रास नाही" एवढंच म्हटलं. तिला पटलेलं नाही.

८ जुलै, शनि.
आज कहर झाला. अवि म्हणाला, जा तू, मी फक्त पायथ्याच्या कारपार्कपर्यंत येतो, लेकीला, सईला घेऊन गाडीत पेपर वाचत बसतो. ठीक. पोचलो, तर कुलकर्णी आणि देसाई सहकुटुंब हजर! "अवि म्हणाला बर्फ बघायला चाललायत, म्हटलं आपणही येऊ." पोहे, ढोकळा, चटया. एक कार्टं तर चक्क जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आलेलं. कारपार्कला बर्फाचा कण नाही, मग सगळी वरात माझ्या मागे. लाकडी पुलापर्यंत कसेबसे गेलो, तिथे देसाईवहिनींचा गुडघा धरला. त्यांना हाताला धरून खाली कोण आलं? मीच.
परतताना अवि खुशीत. "मजा आली ना?" मी थर्मासचं झाकण करकचून आवळलं. मागून आमची नऊ वर्षांची कन्या, "मम, आर यू मॅड?" हो बाई, आहे मी मॅड.

२६ जुलै, बुध.
गेले!! ऑफिसला रजा टाकली, घरी सांगितलं नाही. डोंगरात जाताना कुणाला तरी सांगून जायचं, हा इथला दंडक. म्हणून ऑफिसातल्या जोआनला सांगितलं, अंधार पडेपर्यंत माझा फोन नाही आला तर पोलिसांना कळव. "स्वीट अ‍ॅज," म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल की'. संपलं. भाषण नाही, काही नाही.
पुलानंतर बर्फ. आधी घोट्याला, झाडी संपल्यावर गुडघ्याला. पुढे कुणाचंही पाऊल उमटलेलं नाही. मोठमोठ्यांदा गाणी म्हटली, बेसूर. इतकं बरं कधी वाटलं होतं, आठवत नाही.
मग हट दिसली. आणि मधला आडवा पट्टा सगळा गोठलेला, काचेसारखा. खाली सरळ घळ. बूट आपटून पाहिला, टोकसुद्धा रुतेना. क्रॅम्पॉन, बुटांना बांधायचे ते लोखंडी काटे, नाहीत. सह्याद्रीतलं शहाणपण इथे शून्य कामाचं. तरी दोनचार पावलं टाकली, घसरले, एका झुडपाला धरून थांबले. कशीबशी मागे सरकले आणि तिथेच बसून रडले. थोडं भीतीनं, जास्त संतापानं. हट समोर दिसतेय नि जाता येत नाही! डोंगराला मराठीत शिव्या घातल्या आणि खाली आले. परत फिर म्हणून या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. त्यानं राग काही कमी झाला नाही.
रेंज आल्याबरोबर जोआनला फोन केला.

२७ जुलै, गुरु.
काल जेवताना अविला सांगून टाकलं. वाटलं होतं ओरडेल. तयारीच करून बसले होते.
"घसरलीस?"
"हो."
"कुणाला माहीत होतं?"
"जोआनला."
ताटातला भात चिवडला. मग, "तिला सांगितलंस. मला नाही."
म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू आला असतास."
"हो. आलो असतो."
धड भांडूही देत नाही हा माणूस.

५ ऑग., शनि.
क्रॅम्पॉन भाड्यानं आणलेत. जोआनच्या ट्रेकिंग क्लबातल्या एकानं बांधायचे कसे, चालायचं कसं, शिकवलं. आभाळ स्वच्छ. अविला परवाच सगळं सांगितलं, कुठून जाणार, कधी परतणार. "बरं," म्हणाला. कुलकर्ण्यांना सांगितलं नाहीये म्हणे. शपथेवर.
आता घरासमोरच गाडीत बसून लिहितेय. काचेवर हिव साचलं होतं, ते अवि जुन्या बँक कार्डानं खरवडत होता. माझ्याकडे न बघता.
"संध्याकाळी फोन आला नाही तर पोलिसांना, ना?"
"हो."
मान हलवली. सगळी काच साफ केली, मागचीसुद्धा. मग खिडकीशी वाकला.
"आणि संध्याकाळपर्यंत मी काय करायचं?"
चिडून विचारलं असतं तर उत्तर होतं माझ्याकडे. इंजिन तापलंय कधीचं. तो अजून तिथेच उभा आहे, ते कार्ड हातात घेऊन.