सर्व्हरची खाजगी किल्ली

२ सप्टेंबर, सोमवार
मुहब्बत-ओपांनी, म्हणजे आमच्या मालकीणताईंनी, बोलावले. लग्नाचा हॉल त्यांचा, सर्व्हर माझा. आपला हॉल ठरवून पार्टी घरी पोचते न पोचते, तोच कालव्यापलीकडच्या 'अनोर' हॉलचा तिला फोन जातो. तीच तारीख, भाडे कमी, वर काझीचे, म्हणजे घोड्याच्या मांसाच्या सॉसेजचे, ताट फुकट. ओपा म्हणाल्या, "तुर्गुन, तुझ्या त्या पेटीतून गळतंय. बुजव. नाहीतर पेटी झिलोलाच्या हाती देते."
झिलोला आमची बुकिंगवाली; मला 'अका', म्हणजे दादा, म्हणते. हुशार आहे, पण अनुभव कुठे?
निदान: बुकिंगच्या खिडकीतून डेटाबेसकडे माहिती उघडी जाते. वाटेत कोणीही वाचावी. उपाय: एन्क्रिप्शन. शुक्रवारपर्यंत उरकतो.

५ सप्टेंबर, गुरुवार
किल्ली तयार केली. प्रमाणपत्रही. 'हा सर्व्हर अस्सल आहे' अशी त्यात ग्वाही असते. खाली सही माझीच. झिलोला म्हणाली, "अका, आपणच आपली ग्वाही द्यायची?" म्हटले, अख्ख्या कोकंद शहरात मला ओळखत नाही असा कोण आहे?
संध्याकाळी शाळासोबत्यांची बैठक. पुलाव माझ्याकडे. रिवाज असा की ताटाभोवती प्रत्येकाने आठवड्याची बातमी सांगायची. मी दंतवैद्यांच्या मुलीचे लग्न सांगितले, तारखेसकट. बोतिरने फार आस्थेने ऐकले. त्याची बहीण 'अनोर'वाल्याला दिली आहे; पण माणूस सोन्यासारखा.

६ सप्टेंबर, शुक्रवार
सर्व्हर सुरूच होईना. तक्रार: खाजगी किल्लीची फाइल सगळ्यांना वाचता येते. येणारच! एका दस्तरखानावर जेवणारी माणसे आम्ही; वडीलधाऱ्यांच्या तोंडावर कुलूप घालायचे? नाइलाजाने घातले. मग प्रत्येकाची जातीने क्षमा मागितली. आचारी मुहिद्दीन-अका म्हणाले, "तुझ्या किल्लीनं मी काय गाजर चिरू? सर बाजूला, तेल तापलंय."
किल्ली हरवू नये म्हणून शाळासोबत्यांच्या ग्रुपवर टाकून ठेवली.

९ सप्टेंबर, सोमवार
सर्व्हर सुरू! ओपांना विजयवार्ता कळवली.
दुपारी झिलोलाने लॅपटॉप जोडला आणि वाटेतली माहिती धडाधड वाचून दाखवली. म्हणाली, "अका, दार तुम्ही बसवलंत, पण सक्ती कुठे केलीत? जुना प्रोग्राम खिडकीतूनच ये-जा करतोय."
पाहुण्यावर सक्ती करण्याची आपली रीत नाही. पण तो प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला, पोटच्या पोरासारखा! त्याने असे करावे?
दंतवैद्य 'अनोर'कडे गेले.

१४ सप्टेंबर, शनिवार
सक्ती केली. बुकिंग ठप्प. माझ्या प्रोग्रामला एन्क्रिप्शनची भाषाच येत नाही. ऐन शनिवारी खिडकीपुढे वधूवरांचे मातापिता तिष्ठत. ओपा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "इतकी वर्षं लग्नं मी डोक्यात ठेवली. डोकं कधी बंद पडलं नाही, तुर्गुन."
 

१८ सप्टेंबर, बुधवार
नवा प्रोग्राम बसला. झिलोलाने बसवला, माझ्या मार्गदर्शनाखाली (मी चहा ओतत होतो). आता सर्व्हरने आपली ओळख पटवायची आणि जोडणाऱ्यानेही. वाटेत ऐकू येते ती निव्वळ बडबड. कार्य सिद्धीस गेले.

१९ सप्टेंबर, गुरुवार
बैठक बोतिरकडे. सोबत्यांना एन्क्रिप्शन समजावून दिले. उदाहरण हवे म्हणून मर्गिलानच्या रेशीमवाल्यांचे बुकिंग घेतले. बोतिरने तारीख पुन्हा पुन्हा विचारली. शास्त्राविषयी एवढी गोडी विरळाच.

२० सप्टेंबर, शुक्रवार
रेशीमवाले 'अनोर'कडे! वाट बंद आणि तरी गळती. म्हणजे आमच्यातच कोणी घरभेद्या आहे. विचारांती संशयितांची नावे ओपांना सांगितली: आचारी, हिशेबनीस, झिलोला. त्यांनी एवढेच विचारले, "काल पुलाव कुणाकडे होता?" म्हटले, बोतिरकडे.  त्यांनी माझा चहाचा पेला काठोकाठ भरला.
मान राखायचा त्याला आपण अर्धा पेला ओततो. काठोकाठ भरला की पाहुण्याने उठावे. ओपांचा अंदाज हल्ली चुकतो, दुसरे काय!

२३ सप्टेंबर, सोमवार
सर्व्हरने मला घेतले नाही. पुन्हा प्रयत्न केला. 'प्रमाणपत्र मान्य नाही.' झिलोलाने किल्ल्या नव्याने केल्या आहेत. खिडकीला प्रमाणपत्र, हिशेबनिसाला प्रमाणपत्र, मांसाचा अंदाज घ्यावा लागतो म्हणून आचाऱ्यालासुद्धा! तिला जाब विचारला. म्हणाली, "अका, ओपांनी सांगितलं तेवढ्यांनाच दिली." वर मान करून बघितलेही नाही.
एकूण एक विश्वासघातकी. एन्क्रिप्शन मात्र निर्दोष, हे मान्य केले पाहिजे. सकाळपासून खटपट करतो आहे, एक ओळ वाचता येत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार
बैठकीचा दिवस. दुपारी बोतिरचा फोन. नव्या लग्नांची चौकशी केली. म्हटले, सध्या मला काही दिसत नाही. 
मग म्हणाला, "कामात असशील, तुर्गुन. आज नाही आलास तरी चालेल."