दोन वेळा, जेवणानंतर

मंगळवार, १४ तारीख
दुपार, दुकानातून

चि. चिंधीस,
अनेक आशीर्वाद.

चौतीस वर्षांच्या, दहा माणसं हाताखाली असलेल्या बाईला चिंधी म्हणू नये हे कळतं. पण मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपणारी मुलगी मला अजून तशीच दिसते, त्याला इलाज नाही.

इकडे सगळं ठीक. शाळांचे गणवेश चालू आहेत, मान वर करायला फुरसत नाही. इस्त्रीवाल्याने नवा चष्मा घेतला आणि पहिल्याच दिवशी एक बाही जाळली. म्हणतो, पूर्वी अंदाजाने बरं चाललं होतं.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बोलताना तुझी आई शेजारीच असते. तू विचारतेस, "आई कशी आहे?" मी म्हणतो, "बरी आहे." फोन काही तिच्या हातात जात नाही. तूही मागत नाहीस, तीही हात पुढे करत नाही. म्हणून पत्र.

तुझा चहाचा डबा पोचला. साठ पुड्या, म्हणजे दिवसाला दोन धरल्या तर महिनाभराच्या. हल्ली तो आठवड्याभरात कसा संपतो, असं तू मागे विचारलंस. मी म्हणालो, पाहुणे फार येतात. खोटं बोललो. आमच्याकडे कोण येतंय?

आता कबुलीजबाब. डब्यावर लिहिलंय की या चहाने चयापचय सुधारतो, वजन उतरतं. सुरुवातीचे दोन महिने आई नियमाने प्यायली, तरी दुकानात साडीवर घालायच्या कोटाचं बटण ओढून लावावं लागलं तेव्हा ती आरशासमोरून गुपचूप बाजूला झाली. मला बघवेना. ती आंघोळीला गेली की मी कोटाची शिवण उसवायचो आणि थोडी बाहेर घ्यायचो. पंधरा दिवसांतून एकदा, सुतासुताने. आपल्या शिवणीत आत दुमडलेली माया भरपूर असते, तुला माहीत आहे. मग एक दिवस ती दुकानात सगळ्यांना कोटाच्या पट्ट्यात बोट घालून दाखवत होती, "बघा, सैल झाला." शिंप्याने आयुष्यात एवढं चांगलं काम केलं नसेल असं मला वाटलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

मागच्या गुरुवारी ती काजं करता करता खुर्चीवरून खाली आली. घाबरू नकोस, आता ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला किती कप?" आई म्हणाली, "आठ. कधी नऊ." "आणि दुपारचं जेवण?" चहाने पोट भरायचं, म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, चहा म्हणजे चहा. दोन कप घ्या, पण जेवून घ्या आणि रोज चाला. उपाशीपोटी आठ कप प्यालात तर वजनाआधी तुम्हीच खाली याल."

मला वाटलं, माझ्याच पापाचं फळ. कोट सैल होतोय म्हणून तिला हुरूप आला आणि ती जास्त पिऊ लागली. घरी आल्यावर तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, "अहो, पस्तीस वर्षं तुमच्या शेजारी बसतेय. जुन्या टाक्यांची भोकं मला दिसणार नाहीत? तुम्ही खूश होतात, म्हणून मीही खूश होते."

"मग एवढा चहा कशाला?"

ती उठून बटणांचा डबा घेऊन आली. त्यात तुझ्या चिठ्ठ्या आहेत, प्रत्येक पार्सलातली एक. सगळीकडे तेच, 'दोन वेळा, जेवणानंतर. साखर नको.' फक्त नवव्या चिठ्ठीत खाली आणखी एक ओळ आहे, 'थंडी आहे, जप.' आठ कप तेव्हापासून सुरू झाले. डबा संपल्याशिवाय पुढची चिठ्ठी येत नाही ना.

तुझ्या ऑफिसच्या समारंभात तू म्हणालीस, "आई, तू मागे उभी राहा, फोटोत सगळी जागा तूच घेतेस." त्या दिवसानंतर तू घरी आली नाहीस. महिन्याने पहिला डबा आला. तो रागाचा नाही, त्या बोलण्याच्या शरमेचा आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही, ही माझी चूक. आईला ते लागलं, नाही कशाला म्हणू? पण ती तुझ्यावर एक दिवसही रागावलेली नाही. चहा तिला मुळीच आवडत नाही. कडू लागतो म्हणते.

आता ती दुपारी माझ्यासमोर बसून जेवते. संध्याकाळी आम्ही पुलापर्यंत चालत जातो. दोन कप चालू आहेत. डबा पुरवून पुरवून वापरायला मी सांगितलंय, त्यामुळे तिचं तोंड उतरलंय.

पोरी, चहा पाठवू नकोस. ये. फोटो काढायचा असेल तर तुम्ही दोघी पुढे, मी मागे राहीन.

हे पत्र आईने वाचलेलं नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र तिच्या हातचा आहे. मी पत्त्यांची वही शोधत होतो, तिने पाकीट ओढून घेतलं आणि न बघता लिहून दिला. आत काय आहे, विचारलंसुद्धा नाही.

वाट बघणारा,
तुझा बाबा