बाळाआधी आलेली मोटार

आबा,

माझ्या नातीला दिवस गेलेत आणि ती फोनवर गाड्या बघत बसलीय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण आज मला आपली ती मोटार आठवली.

सत्तर सालानंतरचे दिवस होते. मी शिरूरच्या शाळेत शिकवत होते आणि पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, राहूला व्हायचं होतं. आई धाकट्याच्या वेळी अडली, तेव्हा तुम्ही तिला बैलगाडीतून दौंडच्या दवाखान्यात न्यायला निघालात आणि वरवंडपाशी ती गेली, पोटातल्या बाळासकट. त्या वाटेनं मी बैलगाडीतून जाणार नव्हते. मोटार घ्यायची म्हणजे घ्यायची! नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुन्या बघत हिंडलो. यांचा जीव एका चकचकीत, छोट्या मोटारीवर जडला होता. मी मात्र प्रत्येक मोटारीत मागच्या सीटवर आडवी होऊन बघायची. दलाल लाजून दुसरीकडे बघायचे. पाय दुमडावे लागले की मोटार नापास. शेवटी पास झाली ती रंग उडालेली, पोचे आलेली, पण चांगली ऐसपैस.

नववा लागला तसे हे रजा काढून मोटारीसकट राहूला येऊन राहिले. जावई सासुरवाडीला मुक्काम ठोकतो म्हणून गाव हसलं. हसू दे. पण चुलती दारातच आडवी आली. "बाळ यायच्या आदी टोपडंसुदिक आणत न्हाईत, आन् तू मोटार आणलीस व्हय गं?" मी तोंड उघडणार, तोच तुम्ही पुढे झालात. "पोरीची न्हाई, माजी हाय मोटार. गुडगं दुखत्यात माजं." रोज मळ्यापर्यंत तरातरा चालणारे तुम्ही! चुलती तोंडाला पदर लावून हसली आणि भाकरतुकडा आणायला आत गेली.

कळा सुरू झाल्या तेव्हा दुपार होती. हे चालवत होते, तुम्ही पुढे, मी मागे आडवी. वरवंड जवळ आलं आणि तुम्ही जिभेनं टॉक् टॉक् करत बैल हाकायला लागलात.

"आबा, बैल न्हाईत हो हितं!" मी ओरडले.

"म्हाईत हाय मला," म्हणालात, पण दौंड येईपर्यंत थांबला नाहीत. लेक दवाखान्यात सुखरूप झाली. नंतर हे सांगत होते, तुम्ही बाहेर बॉनेटवर हात फिरवत उभे होतात, बैलाच्या पाठीवरून फिरवायचात तसा.

मी तेव्हा जराही घाबरले नव्हते, असं लेकीला आजवर सांगत आलेय. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. वरवंडपाशी आईला हाक मारावी असं ओठांवर आलं होतं. तुमचं टॉक् टॉक् चालू होतं, म्हणून नाही मारली.